किलोचं तेल, लिटरचं तेल

वाण्याच्या दुकानात तेलाचे दोन डबे शेजारी शेजारी ठेवलेले असतात. दोन्ही पत्र्याचे, दोन्ही चौकोनी आणि दोघांवरही ठसठशीत ‘१५’ छापलेलं. एकावर त्या आकड्यापुढे ‘किलो’ लिहिलेलं असतं, दुसऱ्यावर ‘लिटर’. समजा, किलोचा डबा २४०० रुपयांना आहे आणि लिटरचा २२५० ला. सणाचे दिवस, मागे चार बायका उभ्या, धाकटं पोर पदराला लोंबकळतंय. अशा वेळी तोंडातून काय निघतं? “द्या हो तो स्वस्तातला.”

मैत्रिणींनो, तो डबा स्वस्तातला नाही. १५ लिटर तेलाचं वजन भरतं सुमारे १३ किलो ६५० ग्रॅम. म्हणजे दीडशे रुपये वाचवले असं आपल्याला वाटलं, आणि तेल मात्र १ किलो ३५० ग्रॅम कमी आलं. २२५० रुपयांना १३.६५ नं भागून पाहा. हे तेल किलोला जवळजवळ १६५ रुपये पडलं. शेजारचं १६० रुपयांनीच मिळत होतं!

यात वाण्यानं लबाडी केली असं म्हणता येणार नाही. डब्यावर खरं तेच छापलेलं होतं. आपणच किलो आणि लिटर एकच धरले. आणि ते धरण्याची सवय आपल्याला लागली ती पाण्यामुळे.

पाण्यानं लावलेली सवय

किलो हे वजन, लिटर हे माप. वजन तराजूवर कळतं, माप भांड्यात कळतं. पण ही जोडी जन्माला आली तीच पाण्याच्या पोटी. १७९५ साली फ्रान्समध्ये दशमान पद्धत ठरली, तेव्हा एक घन सेंटिमीटर थंडगार पाण्याचं वजन म्हणजे एक ग्रॅम, असं धरलं गेलं. तेव्हापासून एक लिटर पाणी म्हणजे एक किलो हे समीकरण चालत आलं. शाळेत मुलांना आपण हेच सांगतो. पाण्यापुरतं ते अगदी बरोबर आहे. चूक होते ती पाण्याचा नियम तेलाला, तुपाला, मधाला आणि स्पिरिटला लावला की.

आपल्याकडे तर घोटाळा आणखी जुना आहे. आजीच्या तोंडचा ‘शेर’ आठवा. शेर वजनाचाही होता आणि मापाचाही. धान्य पायलीनं, अधोलीनं, शेरानं मापायचं. गूळ शेरानं तोलायचा. गावागणिक शेर निराळा. १९५६ साली देशात दशमान वजनमापांचा कायदा झाला आणि १९५८ च्या ऑक्टोबरपासून टप्प्याटप्प्यानं बाजारात किलो आले. शेर, रत्तल, नवटाक मागे पडले. निदान वजनाला एक नाव आणि मापाला दुसरं नाव मिळालं. नावं दोन झाली खरी, पण आपल्या डोक्यातला शेर काही गेला नाही. ‘किलो काय नि लिटर काय’ असं आपण आजही सहज बोलून जातो.

खाणावळीच्या चुलीपाशी

हा फरक किती मोठा, ते चार माणसांच्या घरात चटकन कळत नाही. तो कळायला तीस माणसांचा स्वयंपाक हवा. म्हणून जरा डिलाईल रोडला चला.

डिलाईल रोड म्हणजे आजचा ना. म. जोशी मार्ग. कामगारांचे पुढारी नारायण मल्हार जोशी यांचं नाव त्याला दिलेलं आहे. मथुरादास मिल, अपोलो मिल या गिरण्या याच रस्त्यावरच्या. १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींच्या ३२ इमारतीही इथल्याच, एकेक खोली १६० चौरस फुटांची. कोकणातून, साताऱ्या-कोल्हापुराकडून आलेले गडी बायकामुलं गावी ठेवून इथं गाळ्यात राहत. पाळी सांभाळून दोन वेळचं जेवण हवं, तेही घरच्यासारखं. ते मिळायचं खाणावळीत. आणि खाणावळ म्हणजे बहुतेक वेळा एका बाईची खोली, तिचे दोन स्टोव्ह आणि तिचे दोन हात.

या बायकांचा व्यवहार मोठा कठीण होता. गडी पैसे देणार पगार झाल्यावर, महिन्यानं. वाणसामान मात्र आज हवं. मग उधारी आली. उधारीवर घेणाऱ्या बाईला भाव विचारता येत नाही आणि मापही विचारता येत नाही. जे मिळेल ते मुकाट घ्यायचं. १९७५ साली प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं ते या खाणावळवाल्या बायकांसाठीच. बँकेकडून छोटी कर्जं मिळवून दिली, म्हणजे सावकाराच्या आणि वाण्याच्या तावडीतून सुटून रोखीनं माल घेता यावा. रोखीनं घेणारी बाई दुकानात ताठ उभी राहते, चार प्रश्न विचारते.

आता हिशेब करू. समजा एका खाणावळीत तीस जेवणारे आहेत, आणि माणशी दिवसाला २५ ग्रॅम तेल लागतं. रोजचं झालं ७५० ग्रॅम, तीस दिवसांचं साडेबावीस किलो. बाईनं वाण्याला ‘साडेबावीस’ एवढंच सांगितलं आणि वाण्यानं साडेबावीस लिटर मोजून दिलं, तर घरात येणार साधारण साडेवीस किलो. दोन किलो तेल कमी. ते कधी जाणवेल? पहिल्या आठवड्यात नाही, दुसऱ्यात नाही. जाणवेल महिनाअखेरीस, जेव्हा डब्याच्या तळाला पळी खरवडायला लागते. पावणेतीन दिवसांचं तेल नाही, हातात पैसा नाही आणि जेवणारे तर येणारच. मग पुन्हा उधारी.

१८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला, माणसं गावाकडे पांगली आणि कित्येक चुली थंडावल्या. ती कहाणी वेगळी आणि फार मोठी आहे. पण आजही डबे पुरवणाऱ्या, पोळीभाजी केंद्र चालवणाऱ्या, दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी घेणाऱ्या कितीतरी जणी आपल्यात आहेत. महिनाअखेरचा तो रिकामा डबा त्यांच्याही ओळखीचा आहे. कुणी म्हणतं हात सैल, कुणी म्हणतं सून उधळी. पुष्कळदा हात सैल नसतो, एक भागाकार राहून गेलेला असतो.

घनता म्हणजे काय हो?

हा भागाकार ज्या आकड्यानं करायचा त्याला ‘घनता’ म्हणतात. नाव शाळेतलं आहे म्हणून घाबरू नका. एक लिटर पदार्थ तराजूवर ठेवला तर किती किलो भरतो, तो आकडा म्हणजे त्याची घनता. पाण्याची १. तेलाची साधारण ०.९१ ते ०.९२. म्हणजे लिटरभर तेल ९१० ते ९२० ग्रॅम भरतं. तेलाच्या एक लिटरच्या पिशवीवर बारीक अक्षरांत ‘९१० ग्रॅम’ छापलेलं असतं, ते याचमुळे.

नियम दोनच आहेत. किलोवरून लिटर काढायचे असतील तर किलोला घनतेनं भागा. लिटरवरून किलो काढायचे असतील तर लिटरला घनतेनं गुणा. १५ किलो तेल भागिले ०.९१ म्हणजे सुमारे साडेसोळा लिटर. १५ लिटर तेल गुणिले ०.९१ म्हणजे १३.६५ किलो.

भागायचं की गुणायचं, हे ऐन वेळी विसरलात तर दिवाळीतली पाण्यावरची पणती आठवा. काचेच्या भांड्यात आधी पाणी, वर तेल, त्यावर वात. तेल पाण्यावर तरंगतं, म्हणजे ते पाण्यापेक्षा हलकं. जे तरंगतं त्याचा लिटरचा आकडा किलोच्या आकड्यापेक्षा नेहमी मोठा येणार. जे पाण्यात तळाला जातं, मधासारखं, त्याचा लिटरचा आकडा लहान येणार. उत्तर याच्या उलट आलं तर समजा की भागायच्या जागी गुणलं.

तोंडी हिशेबाची युक्तीही आहे. तेलाच्या किलोत दहावा हिस्सा मिळवला की लिटर होतात: १० किलोचे ११ लिटर. रॉकेलची घनता ०.८ च्या आसपास, म्हणून रॉकेलच्या किलोची सव्वापट केली की लिटर. मधाची १.४ च्या जवळ, म्हणून किलोभर मध जेमतेम ७०० मिलिलिटर. मधाची किलोची बाटली एवढीशी का दिसते, याचं उत्तर हेच. तिथं कुणी फसवलेलं नसतं.

भावाचं मात्र उलटं चालतं, ते नीट लक्षात ठेवा. किलोच्या भावावरून लिटरचा भाव काढायचा तर गुणायचं. १६० रुपये किलोचं तेल लिटरनं १६० गुणिले ०.९१, म्हणजे १४५ रुपये ६० पैसे. कुणी त्याच तेलाचे लिटरला १५० मागितले तर ते महाग आहे, आकडा लहान दिसत असला तरी.

साजूक तुपालाही हेच लागू. वितळलेल्या तुपाची घनता तेलाएवढीच. लिटरचा डबा आणि किलोचा डबा यांत ९० ग्रॅमांचा फरक, आणि तुपाचे ९० ग्रॅम म्हणजे काही थोडेथोडके पैसे नव्हेत.

उन्हानं फुगणारं माप

आता दुसरी गंमत. तेल तापलं की फुगतं. तेवढंच तेल जास्त जागा व्यापतं. वजन मात्र तेच राहतं, कारण तापल्यानं तेलात काही भर पडत नाही. म्हणून लिटरभर गार तेल आणि लिटरभर गरम तेल यांचं वजन सारखं नसतं.

सोयाबीनचं लिटरभर तेल २१ अंश सेल्सिअसला सुमारे ९१९ ग्रॅम भरतं आणि ६० अंशांना सुमारे ८९३ ग्रॅम. लिटरमागे २६ ग्रॅमांची तफावत. तुम्ही म्हणाल, ६० अंशांचं तेल विकत कोण घेतं? हात भाजेल! खरं आहे. पण काही उत्पादक पिशवीवर लिटरचा आकडा छापताना शेजारी बारीक अक्षरांत तापमान लिहीत आणि ते थेट ६० अंशांपर्यंत नेत. कागदावरचं तेल गरम, म्हणून फुगलेलं. पिशवीतलं तेल तेवढं कमी. शेवटी केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार विभागानं ऑगस्ट २०२२ मध्ये सांगितलं की खाद्यतेलाच्या पाकिटावर तापमानाचा उल्लेख न करता माप छापा आणि बरोबर वजनही छापा. त्यासाठी १५ जानेवारी २०२३ पर्यंतची मुदत दिली. म्हणून आज पिशवीवर दोन्ही आकडे दिसतात. त्यांतला ग्रॅमचा आकडा आधी वाचा. ऊन असो की थंडी, तो हलत नाही.

२०२२ नंतर पाकिटांच्या ठरावीक आकारांचं बंधन सैल झालं, तेव्हा ८५० ग्रॅम, ८७० ग्रॅम अशीही पाकिटं बाजारात आली. दिसायला ती लिटरच्या पिशवीसारखीच. समजा, ९१० ग्रॅमची पिशवी १५० रुपयांना आहे आणि ८७० ग्रॅमची १४६ ला. चार रुपये वाचले असं वाटतं. किलोचा भाव काढा: पहिली पडली १६५ ला, दुसरी १६८ ला. पाकिटावर आता एका ग्रॅमची किंवा एका मिलिलिटरची किंमतही छापलेली असते. तिचा उपयोग जरूर करा, पण एका पाकिटावर ग्रॅमची आणि दुसऱ्यावर मिलिलिटरची असेल तर त्यांची तुलना थेट करू नका. आधी घनतेनं दोन्ही एका पंक्तीला बसवा.

मुंबईच्या थंडीत खोबरेल थिजतं, तेव्हाही हेच घडतं, उलट्या बाजूनं. बाटलीतलं तेल खाली बसल्यासारखं दिसतं आणि आपल्याला वाटतं, कमी भरलंय. बाटली कोमट पाण्यात ठेवा, तेल पातळ होऊन पुन्हा वर येईल. वजन केलंत तर थिजलेलं आणि पातळ सारखंच भरेल.

घरच्या काट्यावर प्रयोग

घनतेचा आकडा पुस्तकात शोधायलाच हवा असं नाही. घरात छोटा इलेक्ट्रिक काटा असेल तर तो पाच मिनिटांत काढता येतो.

एक कोरडी काचेची बाटली घ्या. रिकामी तोला. समजा ती ३२० ग्रॅम भरली. तिच्यात गळ्यापर्यंत पाणी भरा, पाण्याच्या रेषेवर बाहेरून धागा बांधा आणि पुन्हा तोला. समजा ८२० भरली. पाणी झालं ५०० ग्रॅम, म्हणजे धाग्यापर्यंत बाटलीत ५०० मिलिलिटर मावतं. आता पाणी ओता, बाटली उन्हात पूर्ण वाळवा, नरसाळ्यानं तेल धाग्यापर्यंत भरा आणि तोला. समजा ७७६ भरली. तेल झालं ४५६ ग्रॅम. ४५६ भागिले ५०० म्हणजे ०.९१२. ही तुमच्या तेलाची घनता.

दोन काळज्या घ्या. बाटलीत पाण्याचा थेंब राहू देऊ नका, आणि तेल कढईतलं तापलेलं नको, घरात ठेवलेलं हवं. सातवी-आठवीतल्या मुलामुलीला हाताशी घ्या. विज्ञानाच्या पुस्तकातला धडा त्यांना काट्यावर दिसेल आणि तुमची बाटलीही कायमची मोजून राहील.

गवळी किंवा डेअरी दुधात जे लॅक्टोमीटर सोडते, तेही घनताच मोजतं. चांगल्या दुधाची घनता १.०३ च्या जवळ असते. पाणी घातलं की ती १ कडे घसरते आणि लॅक्टोमीटर खाली बुडतं. म्हणून लिटरभर दूध साधारण १०३० ग्रॅम भरायला हवं.

गृहोद्योगवाल्या मैत्रिणींसाठी

तेलात दहावा हिस्सा हुकतो. स्पिरिटच्या जातीच्या द्रवांत, म्हणजे ज्यांत दुसरे पदार्थ विरघळवतात त्या द्रावकांत, चौथा हिस्सा आणि त्याहूनही जास्त हुकतो. अत्तरं, काच पुसायचं पाणी, पॉलिश, कापडावरची रंगकामं असे उद्योग घरी किंवा बचत गटात करणाऱ्यांनी हे नीट वाचावं.

रसायनांचे व्यापारी पुष्कळ माल किलोनं विकतात, आणि आपण बाटल्या भरतो मिलिलिटरनं. आयसोप्रोपिल अल्कोहोल घ्या. दुकानात त्याला नुसतं ‘आयपीए’ म्हणतात. त्याची घनता ०.७८५. तुम्ही ५ किलो घेतलंत तर ५ भागिले ०.७८५ म्हणजे जवळजवळ ६ लिटर ३७० मिलिलिटर मिळायला हवं. १०० मिलिलिटरच्या ६३ बाटल्या. आता व्यापाऱ्यानं पैसे ५ किलोचे घेतले आणि हातात ५ लिटरचा कॅन दिला, तर? तो कॅन तोलाल तेव्हा आतलं स्पिरिट भरेल ४ किलोहूनही कमी, ३ किलो ९२५ ग्रॅम. तेरा बाटल्या गेल्या! बचत गटाचा महिन्याचा नफा कधीकधी तेवढाच असतो.

सगळेच द्रावक हलके असतात असंही समजू नका. ड्रायक्लीनिंगच्या यंत्रात वापरतात ते परक्लोरोएथिलीन पाण्यापेक्षा कितीतरी जड, घनता १.६२. त्याचे १० किलो म्हणजे जेमतेम सव्वासहा लिटर. स्पिरिटचा कॅन ज्यानं घेतलाय त्यानं याचा कॅन पाहिला तर त्याला वाटेल, अर्ध्यावरच भरलाय. पण वजन बरोबर असेल तर माल बरोबर.

म्हणून घेताना तीन गोष्टी विचारा: भाव किलोचा की लिटरचा? बिलावर काय लिहिणार? घनता किती? चांगला व्यापारी घनता सांगतो, कॅनवर किंवा बरोबरच्या कागदावर ती छापलेलीही असते.

आणि एक गोष्ट पैशांपेक्षा मोठी. असे द्रव चाळीच्या खोलीत, एका खोलीच्या संसारात साठवू नका. स्पिरिट, थिनर, टर्पेंटाईन यांची वाफ हवेपेक्षा जड असते. ती खाली उतरते आणि जमिनीलगत पसरते. गॅसची शेगडी, देवघरातलं निरांजन, उदबत्ती एवढंही तिला पुरतं. त्यांची घनता घरच्या बाटलीनं काढायला जाऊ नका, छापलेली घ्या. कॅन काठोकाठ भरून झाकण आवळू नका. उन्हात द्रव फुगला तर त्याला जागा हवी.

सिलिंडरचं गणित

फुगायला जागा ठेवायची म्हणजे काय, हे पाहायला लांब जायला नको. स्वयंपाकघरातला सिलिंडर पाहा. त्यातला गॅस दाबाखाली द्रवरूपात असतो आणि विकतात तो किलोनं, १४.२ किलो. त्या द्रवाची घनता ०.५४ च्या आसपास. भागून पाहा, सुमारे २६ लिटर होतात. सिलिंडरमध्ये पाणी भरलं तर मावेल ३३.३ लिटर. म्हणजे पाच भागांपैकी साधारण चारच भाग द्रव असतो, वरची जागा मुद्दाम मोकळी ठेवलेली असते. उन्हाळ्यात गॅस फुगला तरी सिलिंडरवर ताण येऊ नये म्हणून.

गॅस आपल्याला मापून घेता येत नाही, तोलून मात्र घेता येतो. सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर रिकाम्या सिलिंडरचं वजन कोरलेलं असतं. त्यात १४.२ मिळवा. घरपोच आणणाऱ्याकडे वजनकाटा असायला हवा आणि त्याच्यापुढे वजन करून घेणं हा आपला हक्क आहे. सिलिंडर हलवून, आवाज ऐकून काही कळत नाही.

इथं मात्र हिशेब नको

एका ठिकाणी किलो-लिटरचा हिशेब कधीही घरी करू नका, ते म्हणजे औषध. साखरेच्या पाकातलं औषध पाण्यापेक्षा बरंच जड असतं. ५ मिलिलिटर औषध म्हणजे ५ ग्रॅम नव्हे. काट्यावर तोलून, डोळ्यांनी अंदाज करून किंवा हाताला येईल त्या चमच्यानं लहान मुलाला औषध देऊ नका. घराघरातले चमचे सारखे नसतात. बाटलीबरोबर येणारं खुणांचं झाकण किंवा सिरिंज वापरा आणि डॉक्टरांनी मिलिलिटर सांगितलं असेल तर मिलिलिटरच द्या.

फळीच्या दाराला चिकटवा

खालचे आकडे कागदावर लिहून फळीच्या दाराला आतून चिकटवून ठेवा. एका लिटरचं वजन किलोत असं ते वाचायचे:

पाणी १.००
दूध १.०३
खाण्याचं तेल ०.९१ ते ०.९२
खोबरेल (पातळ) ०.९२
साजूक तूप (वितळलेलं) ०.९१
मध सुमारे १.४
ग्लिसरीन १.२६
रॉकेल सुमारे ०.८
टर्पेंटाईन सुमारे ०.८६
आयसोप्रोपिल अल्कोहोल ०.७८५

खाली एकच ओळ लिहा: किलोला भागलं की लिटर, लिटरला गुणलं की किलो, भावाला उलटं.

वजनात किंवा मापात खोट आहे असं वाटलं तर पाकीट फेकू नका. न फोडता पावतीसकट ठेवा. वजनमापांच्या तक्रारी वैधमापन खात्याकडे करता येतात आणि ग्राहकांसाठीच्या १९१५ या राष्ट्रीय मदत क्रमांकावर फोनही करता येतो. दुकानातल्या तराजूवर आणि मापावर सरकारी तपासणीचा ठसा आहे का, हे पाहण्यातही लाजण्यासारखं काही नाही.

येत्या महिन्याच्या यादीत ‘तेल ५’ असं लिहू नका. ‘तेल ५ किलो’ असं लिहा आणि वाण्यानं लिटरच्या पिशव्या पुढे केल्या तर साडेपाच मागा. तो एकदा तुमच्याकडे बघेल, हसेल आणि पुढच्या वेळी आपणहून विचारेल, “वहिनी, किलो की लिटर?”